त्वचेचे आरोग्य आणि आपले ताट

(न्यासाच्या अमृतमहोत्सवानिमित्त महिला शाखेने भरविलेल्या सभेत, हैदराबाद येथे दिलेले व्याख्यान)



आजच्या भाषणाचा विषय आम्ही निवडलेला नाही, तो टपालाने आला. महोत्सवी वर्षात सभासदांना काही भेटवस्तू द्यावी असा विचार कार्यकारी मंडळात चालू असता एका व्यापाऱ्याचे पत्र आले. वनस्पतीजन्य अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या व चेहऱ्यास लावावयाचे मलम अर्ध्या किमतीत देऊ, त्याने त्वचा तरुण व उजळ राहते, असा त्यातील मजकूर होता. चिटणीसांनी ते पत्र आमच्या हाती देऊन विचारले, "डॉक्टर, तुम्ही त्वचेचे वैद्य. घ्यावे की न घ्यावे?" "घेऊ नये" एवढे सांगून भागले असते. पण का घेऊ नये, आणि त्याऐवजी काय घ्यावे, हे सांगितल्यावाचून ते उत्तर अपुरे राहिले असते. म्हणून हे चार शब्द.

प्रथम हे अँटिऑक्सिडंट म्हणजे काय ते पाहू. नाव परके असले तरी त्यांचे काम स्वयंपाकघरात रोज दिसते. सफरचंद चिरून ठेवले की थोड्या वेळात तपकिरी पडते. त्यावर लिंबू पिळले तर तसेच पांढरे राहते. शेंगदाण्याचे कूट डब्यात महिनाभर पडून राहिले की खवट होते. लोखंडाची कढई ओली ठेवली की गंजते. या साऱ्यांच्या मुळाशी प्राणवायूची करणी आहे. ज्या प्राणवायूवर आपण जगतो तोच हळूहळू वस्तूंना जीर्णही करतो. शरीरातही अशी क्रिया सतत चालते. तीत काही अस्थिर कण निर्माण होतात. त्यांना मुक्त मूलके म्हणतात. यांच्याजवळ एक इलेक्ट्रॉन कमी असतो आणि तो ते शेजारच्या कणाकडून हिसकावून घेतात. मग तो शेजारी आणखी कोणाचा हिसकावतो. ही साखळी जो स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन तोडतो, तो अँटिऑक्सिडंट. सफरचंदावर पिळलेल्या लिंबातील क जीवनसत्त्व हेच काम करते, आणि ताज्या तेलातील ई जीवनसत्त्वही तेच करते.

आता त्वचेकडे वळू. शरीराचे सर्वांत मोठे इंद्रिय ते हेच, आणि ऊन अंगावर घेणारेही हेच. उन्हातील अतिनील किरण त्वचेत शिरले की मुक्त मूलके मोठ्या प्रमाणावर तयार होतात. त्वचेच्या आतील थरात कोलॅजन नावाच्या तंतूंचे विणकाम असते. चारपाईची सुंभे ताणलेली असावीत तसे ते त्वचेस ताठ ठेवते. हे तंतू उन्हाच्या माऱ्याने तुटू लागले म्हणजे सुरकुत्या पडतात, आणि रंगद्रव्याचा समतोल बिघडला म्हणजे गालावर वांग उठतो. वय वाढल्याने त्वचा म्हातारी होतेच, परंतु त्याहून अधिक ती उन्हाने होते. पटत नसेल तर आपल्या घरातील आजीच्या दंडाची आतली बाजू आणि तिच्या हाताचा पंजा शेजारी शेजारी ठेवून पाहावा. वय दोहोंचे एकच आहे.

निसर्गाने या माऱ्यापासून बचावाची दोन साधने दिली आहेत. पहिले मेलॅनिन, म्हणजेच आपला सावळा रंग. हा रंग दोष नव्हे. ते छत्र आहे, आणि आपल्या देशात त्वचेचा कर्करोग गोऱ्या लोकांच्या मानाने फारच कमी आढळतो त्याचे मोठे कारण तेच. दुसरे साधन म्हणजे त्वचेतील क आणि ई जीवनसत्त्वे, कॅरोटिनासारखी रंगद्रव्ये आणि शरीर स्वतः बनविते ती इतर द्रव्ये. ई जीवनसत्त्व पेशींच्या स्निग्ध वेष्टनात पहारा करते. ते खर्ची पडले की क जीवनसत्त्व त्यास पुन्हा कामाजोगे करते. ही दोन्ही जीवनसत्त्वे आणि कॅरोटिन माणसाच्या शरीरात तयार होत नाहीत. ती ताटातूनच यावी लागतात. एवढ्यापुरते त्या व्यापाऱ्याचे म्हणणे खरे आहे. वनस्पतीतील ही द्रव्ये त्वचेस आवश्यक आहेत यात शंका नाही.

क जीवनसत्त्वाचा तर याहून मोठा अधिकार आहे. कोलॅजनचे तंतू विणणाऱ्या यंत्रणेस ते लागतेच. ते मुळीच मिळाले नाही तर काय होते हे जुन्या काळच्या खलाशांनी भोगले आहे. महिनोन् महिने सुक्या शिध्यावर राहिलेल्या त्या लोकांच्या हिरड्या फुटत, केसांच्या मुळाशी रक्ताचे ठिपके उमटत, भरलेल्या जखमाही पुन्हा उलगडत. 1747 साली जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलाच्या वैद्याने अशा बारा खलाशांच्या दोन दोनच्या जोड्या करून प्रत्येक जोडीस वेगळा उपाय दिला. संत्री व लिंबे मिळालेले दोघे आठवड्याच्या आत उठून कामाला लागले. पुढे हंगेरीचे शास्त्रज्ञ सेंट-ज्यॉर्जी यांनी ते द्रव्य वेगळे काढले आणि 1937 साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी ते भरपूर प्रमाणात कशातून मिळविले ठाऊक आहे का? त्यांच्या गावच्या मिरच्यांतून! तेलंगणात राहून मिरचीची महती आम्ही आपणास सांगावी असे नाही.

आपल्या शहरास या विषयाशी आणखी एक नाते आहे. तार्नाक्याची राष्ट्रीय पोषण संस्था आपण येता-जाता पाहतो. 1918 साली कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी एका खोलीत सुरू केलेले संशोधनाचे काम वाढत वाढत 1958 साली हैदराबादेस आले, आणि त्यास 1969 साली हे नाव मिळाले. भारतीय अन्नात काय काय आहे याचे कोष्टक हीच संस्था तयार करते. त्या कोष्टकांत पाहावे तर 100 ग्रॅम आवळ्यात सुमारे 250 मिलिग्राम क जीवनसत्त्व आहे, आणि पेरूत 200 मिलिग्रामहून अधिक. याच संस्थेने 2020 साली घालून दिलेल्या प्रमाणानुसार प्रौढ पुरुषास दिवसाला 80 व स्त्रीस 65 मिलिग्राम पुरते. म्हणजे एक मध्यम पेरू, ज्यास इथे आपण सारे जाम म्हणतो, त्याने दिवसाची गरज भागून वर शिल्लक राहते. हे वाचल्यावर गोळीची बाटली हातात धरण्याचे काही कारण उरते का?

यावर कोणी म्हणेल, "थोड्याने बरे, तर पुष्कळाने अधिक बरे. गोळी घेतली तर बिघडले कुठे?" हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता, आणि त्याचे उत्तर शोधण्यात मोठे प्रयोग झाले. ते आम्ही जरा सविस्तर सांगतो, कारण आजच्या भाषणाचे मर्म त्यात आहे.

गाजर, आंबा, पालेभाजी यांत बीटा कॅरोटिन असते. भाज्या-फळे अधिक खाणाऱ्यांत कर्करोग कमी दिसतो, तेव्हा हे द्रव्य गोळीतून द्यावे, अशी कल्पना निघाली. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या 29,133 पुरुषांवर हा प्रयोग झाला. त्यांतील काहींस रोज 20 मिलिग्राम बीटा कॅरोटिन दिले. 1994 साली निष्कर्ष बाहेर आला तेव्हा सारे थक्क झाले. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी न होता 18 टक्क्यांनी अधिक झाला होता! अमेरिकेत असाच दुसरा प्रयोग चालू होता. त्यातही अपायच दिसू लागल्याने तो 1996 साली मुदतीपूर्वी बंद करावा लागला. गाजराने ज्यांचे कधी वाईट झाले नसते, त्यांचे गाजरातील एकट्या द्रव्याच्या मोठ्या मात्रेने वाईट झाले. ताटात ते द्रव्य शेकडो सोबत्यांसह, थोड्या प्रमाणात आणि सावकाश येते. गोळीत ते एकटे आणि एकदम येते. ज्यांच्या घरी विडी-सिगारेट ओढणारे आहेत त्यांनी तर या गोळीस हातही लावू नये.

त्वचेसंबंधीचा प्रयोग ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड प्रांतातील नॅम्बोर या गावी झाला. तेथे ऊन कडक आणि लोक गोरे, त्यामुळे त्वचेचा कर्करोग फार. 1992 ते 1996 या काळात 1,621 गावकऱ्यांस चार गटांत विभागले. काहींनी रोज ऊन अडविणारे मलम लावावयाचे, काहींनी रोज 30 मिलिग्राम बीटा कॅरोटिनची गोळी घ्यावयाची, काहींनी दोन्ही, तर काहींनी दोन्ही नाही. साडेचार वर्षांनंतर पाहता मलम लावणाऱ्यांत एका प्रकारचा त्वचाकर्करोग सुमारे 40 टक्के कमी झाला. गोळीने काहीच फरक पडला नाही. 2013 साली त्याच लोकांच्या त्वचेवरील सुरकुत्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला. नियमाने मलम लावणाऱ्यांची त्वचा 24 टक्के कमी जीर्ण झाली होती. गोळीचा उपयोग तेथेही दिसला नाही. तात्पर्य, उन्हापासून त्वचेचे रक्षण आधी सावलीने होते. अँटिऑक्सिडंटचा नंबर त्यानंतरचा.

मग ताटातल्या भाज्या-फळांनी त्वचेस काहीच लाभ नाही काय? आहे, परंतु तो माफक आहे आणि सावकाश मिळतो. जर्मनीत 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा प्रयोगात काही लोकांनी दहा आठवडे रोज 40 ग्रॅम टोमॅटोचा आटविलेला रस तेलासह खाल्ला. त्यानंतर त्यांच्या त्वचेवर कृत्रिम अतिनील प्रकाश टाकला असता लाली इतरांच्या मानाने 40 टक्के कमी उठली. मात्र चौथ्या आठवड्यात असा फरक दिसला नव्हता, तो दहाव्यात दिसला. अमेरिकेत 4,025 मध्यमवयीन व वृद्ध स्त्रियांच्या पाहणीत, जेवणातून क जीवनसत्त्व अधिक घेणाऱ्यांत सुरकुत्या व कोरडेपणा कमी आढळला. ती पाहणी 2007 सालची. पाहणी म्हणजे पुरावा नव्हे हे आम्ही जाणतो. चांगले जेवणारी स्त्री इतरही काळजी घेतच असेल. परंतु सारे धागे एकाच दिशेने जातात, आणि त्या दिशेने जाण्यात धोका काहीच नाही.

टोमॅटोच्या त्या प्रयोगातील तेल लक्षात घेण्याजोगे आहे. टोमॅटो, गाजर, माठ, पालक यांतील रंगद्रव्ये तेलात विरघळतात. तेलाची सोबत असली तरच ती आतड्यातून नीट शोषली जातात. आपल्या आज्या गाजराच्या कोशिंबिरीवर मोहरी-हिंगाची फोडणी घालीत, दाण्याचे कूट पेरीत. त्यांना कॅरोटिन ठाऊक नव्हते, पण रीत बरोबर होती. क जीवनसत्त्वाचे उलट आहे. ते पाण्यात विरघळते आणि आचेने नाश पावते. म्हणून भाजी आधी धुवावी व मग चिरावी, चिरून पाण्यात घालून ठेवू नये. लिंबू उकळत्या वरणात न पिळता पानात पिळावे. मोरावळा चवीस उत्तम, पण त्यात शिजण्याने क जीवनसत्त्व घटते आणि साखर पुष्कळ, तेव्हा औषध म्हणून वाटीभर खाऊ नये. ताज्या आवळ्याचा कीस, मीठ आणि थोडी हिरवी मिरची हे अधिक चांगले. आपल्याकडील अंबाडी, जिला इथे गोंगुरा म्हणतात, शेवग्याचा पाला, कोथिंबीर, पपई, सीताफळ, तीळ, शेंगदाणे हे सारे याच रक्षकांच्या फौजेतले. पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शनानुसार माणशी रोज 400 ग्रॅम भाज्या व 100 ग्रॅम फळे असावीत. आपल्या घरी किती होतात, हे आज घरी गेल्यावर प्रत्येकीने ताजव्यात घालून पाहावे. आम्ही आमच्या घरी पाहिले आणि खाली मान घातली.

आता चेहऱ्यास लावण्याविषयी. क जीवनसत्त्वाचे द्रावण त्वचेवर लावण्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास झाला आहे आणि योग्य आम्लतेचे ताजे द्रावण असल्यास ते काही अंशी उपयोगी पडते. परंतु ते हवेने व उजेडाने लवकर बिघडते. बाटलीतील द्रावण गडद तपकिरी झाले म्हणजे ते त्या चिरलेल्या सफरचंदाच्या वाटेने गेले असे समजावे. यावरून कोणी घरचे लिंबू चेहऱ्यावर चोळू लागेल तर मात्र थांबावे. लिंबाच्या सालीत व रसात अशी द्रव्ये आहेत की ती अंगावर असता ऊन लागले तर फोड येतात आणि मागे काळे डाग महिनोन् महिने राहतात. असे रुग्ण आम्ही दर उन्हाळ्यात पाहतो.

हळदीचेही असेच. जखमेवर हळद लावण्याचे ज्ञान आमचे, आणि त्यावर 1995 साली अमेरिकेत पेटंट दिले गेले. तेव्हा गोव्यातील माशेलचे सुपुत्र डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने लढा देऊन ते 1997 साली रद्द करविले. या गोष्टीचा आम्हास अभिमान आहे. परंतु त्या लढ्यात हळदीचा जुना वापर सिद्ध झाला, हळदीने माणूस गोरा होतो असे सिद्ध झाले नाही. पोटात गेलेल्या हळदीतील कर्क्युमिनही फार थोडे शोषले जाते. हळद स्वयंपाकात असावी, हळदीसमारंभात असावी. तिच्याकडून याहून अधिक मागू नये.

भगिनींनो, आता एक गोष्ट सांगावयाची आहे. ती सांगताना आम्हास संकोच वाटतो, कारण तीत आमचाही दोष आहे.

आमच्या नात्यात एक मुलगी होती. बुद्धीने तरतरीत, रंगाने सावळी. लग्न ठरले तेव्हा तिच्या आईने कोणाच्या सांगण्यावरून एक मलम आणले. वेष्टनावर पानाफुलांची चित्रे होती आणि वनस्पतीजन्य अँटिऑक्सिडंट असे ठळक छापले होते. केळवणाच्या दिवशी ती नळी आम्ही आरशापाशी पाहिली. मागच्या बाजूस बारीक अक्षरांत स्टेरॉइडचे नाव होते. आम्ही ते वाचले. पण भरल्या घरात मंगलकार्याच्या तोंडावर वैद्यकी कशाला काढावी, असे वाटून गप्प बसलो. पंधरा दिवस चेहरा खरोखर उजळला. सारे म्हणाले, लग्नाची कळा आली. लग्नानंतर तिने मलम बंद केले आणि चेहरा लालबुंद झाला, आग होऊ लागली, पुटकुळ्या उठल्या. ऊन सोसेना, चुलीची धग सोसेना. नव्या घरात ती महिनोन् महिने पदर ओढून वावरली. बरे वाटावयास वर्ष लागले. ती आमच्याकडे उपचारास आली तेव्हा एकदाच म्हणाली, "काका, तुम्ही तेव्हा पाहिलं होतं ना?" आम्हास उत्तर देता आले नाही.

भारत सरकारने 2018 साली अशी स्टेरॉइडयुक्त मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असा नियम केला. तो योग्यच आहे. परंतु जोपर्यंत आपल्या घरांत सावळ्या मुलीच्या जन्मापासून सुस्कारे टाकले जातात, तोपर्यंत कोणत्या ना कोणत्या नळीस गिऱ्हाईक मिळतच राहील. तिच्या त्वचेतील अँटिऑक्सिडंट कमी नव्हते. कमी पडले ते आमचे बोलणे. म्हणून आज बोलत आहोत.

कार्यकारी मंडळास आमची विनंती अशी. त्या व्यापाऱ्यास नम्रपणे नकार कळवावा. भेटवस्तूसाठी जी रक्कम योजिली आहे तिचे दोन भाग करावेत. एका भागातून आपल्या विद्यार्थिनी वसतिगृहाच्या जेवणात वर्षभर रोज एक ताजे फळ द्यावे. हंगामात आवळा आणि जाम, उन्हाळ्यात आंबा व पपई. मोंढ्यातून घाऊक आणल्यास ते सहज परवडेल. आम्ही हिशेब करून पाहिला आहे आणि तो कागद चिटणीसांकडे दिला आहे. दुसऱ्या भागातून प्रत्येक सभासद कुटुंबास एक चांगली छत्री द्यावी. हसू नका! नॅम्बोरच्या प्रयोगानंतर छत्रीहून चांगली सौंदर्यवर्धक भेट आम्हास सुचत नाही. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात हैदराबादच्या उन्हात जाताना ती डोक्यावर असू द्यावी. ज्यांना कामासाठी उन्हातच राहावे लागते त्यांनी अंगभर बाह्यांचे कपडे घालावेत आणि उघड्या भागास ऊन अडविणारे मलम लावावे.

आणखी एक मागणे. आपले वाडवडील मराठवाड्यातून निजामाच्या या राजधानीत नोकरी-व्यवसायासाठी आले. 1956 साली राज्ये नव्याने रचली गेली तेव्हा मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आपण इथेच राहिलो. इथे राहून आपण ज्या थोड्या गोष्टी धरून ठेवल्या त्यांत कार्तिकातील आवळीभोजन आहे. आणि आपले तेलुगू शेजारीही त्याच महिन्यात उसिरीच्या, म्हणजे आवळ्याच्याच, झाडाखाली वनभोजन करतात. एकाच झाडाखाली बसणारे आपण दोघे. तेव्हा वसतिगृहाच्या मागील मोकळ्या जागेत यंदा आवळ्याची रोपे लावावीत, आणि ती धरतील तेव्हा शेजाऱ्यांनाही आवळीभोजनास बोलवावे.

त्या भोजनास आमच्या नात्यातील ती मुलगीही येणार आहे. तिची मुलगी आता चार वर्षांची आहे, आईसारखीच सावळी. रोप लावण्यास तिचाच हात लावावा अशी आमची इच्छा आहे, आणि त्या मुलीच्या रंगाबद्दल त्या दिवशी कोणीही एक शब्द काढू नये, अशी आपणा सर्वांस हात जोडून विनंती आहे.